हरणाची शिकार : कुठे मचाणावरून, कुठे पालथे पडून



रात्री उभ्या पिकात हरणांचा कळप शिरला की सकाळी काय उरते, हे तुम्हाला सांगायला नको. हे दुखणे युरोपातल्या शेतकऱ्यालाही जुनेच आहे, बरं का! पण तिथे देशोदेशी शिकारीची रीत वेगळी.

आधी जर्मनीचे पाहू. तिथे पूर्वी शिकारीचा हक्क सरदारांचा होता. हरणांनी पीक फस्त केले तरी कुळांनी ब्र काढायचा नाही. १५२५ साली शेतकऱ्यांनी उठाव केला. मेमिंगन गावी त्यांनी बारा मागण्या लिहून काढल्या, त्यांतल्या चौथ्या मागणीत हेच गाऱ्हाणे होते. उठाव चिरडला गेला. पुढे १८४८ च्या क्रांतीत सरदारांचा हक्क गेला आणि शिकार जमीनमालकाची झाली. आज ७५ हेक्टरांपेक्षा कमी जमीन असणाऱ्यांची मिळून एक मंडळी असते. ती शिकारीचा हक्क खंडाने देते. हरणाने पीक खाल्ले तर भरपाई ही मंडळी देते किंवा करारात ठरल्याप्रमाणे खंडकरी देतो. मात्र नुकसान कळल्यापासून आठवड्याच्या आत तक्रार नोंदवावी लागते.

तिथला शिकारी रानाच्या कडेला उंच लाकडी मचाणावर बसतो. वस्ती दाट, त्यामुळे सपाटीवर गोळी दूर जाण्याचा धोका. वरून झाडलेली गोळी हुकली तरी मातीत रुतते.

स्कॉटलंडचे डोंगर बहुतेक उघडे. तिथे मचाण कामाचे नाही. वारा कुठून येतो ते बघायचे, ओल्या गवतातून पोटावर सरपटत जायचे आणि पालथे पडून नेम धरायचा. हरणामागे डोंगराची माती आहे ना, याची आधी खात्री करायची. १९ व्या शतकात बड्या जमीनदारांनी या शिकारीसाठी डोंगरच्या डोंगर राखून ठेवले. १९९६ च्या कायद्याप्रमाणे तिथे जमीन कसणाऱ्याला पिकाचे मोठे नुकसान टाळण्यासाठी हरीण मारता येते.

आपल्याकडे तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे. तेव्हा बंदूक, फासे यांच्या वाटेला जाऊ नका. पण गप्पही बसू नका. नुकसान दिसताच वनखात्याला लेखी कळवा, पंचनामा करून घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. मुदत टळली, तर हक्काची भरपाईही हातची जाते.