शिडापासून मोटरसायकलपर्यंत

जुलैत मुंबईतल्या आरे कॉलनीच्या रस्त्याने मोटरसायकल चालवणाऱ्याला पाऊस अंगात कुठून शिरतो ते नेमकं माहीत असतं. आधी गळ्यातून, मग मनगटातून, आणि शेवटी मांडीवर साचून. या जागा ध्यानात घेऊन बेतलेला एक इंग्रजी कोट १९३६ साली तयार झाला. बार्बर कंपनीचा ‘इंटरनॅशनल’.

इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल या मोटरसायकल स्पर्धेवरून त्याला हे नाव मिळालं. ही स्पर्धा १९१३ साली कार्लाइलला सुरू झाली. गुळगुळीत ट्रॅकवरचा वेग तिथे फारसा कामाचा नसे. चिखल, दगड, ओढे यांतून सहा दिवस गाडी आणि माणूस टिकतात का, याची ती परीक्षा. कंपनीच्या घराण्यातला डंकन बार्बर स्वतः मोटरसायकलचा शौकीन, म्हणून कोट स्वाराच्या बैठकीनुसार घडला. गळ्याशी बंद होणारी उंच कॉलर, वारा अडवणारा कमरेचा पट्टा. आणि डाव्या छातीवरचा तो प्रसिद्ध तिरका खिसा: गाडीवर बसल्या बसल्या नकाशा काढता यावा म्हणून तिरका शिवलेला. १९६४ साली पूर्व जर्मनीतल्या एरफुर्टला झालेल्या याच स्पर्धेत हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीन हाच कोट घालून अमेरिकन संघातून उतरला, आणि पुढे फॅशनवाल्यांनी तो उचलला.

कापडाचं कूळ मात्र समुद्रावरचं आहे. ब्रिटिश खलाशी शिडांना जवसाचं तेल चोळत, आणि जुन्या शिडांचे तुकडे पाठीवर पांघरत. लिननची शिडं ज्या जवसाच्या धाग्याची, त्याच जवसाच्या बियांचं हे तेल! पण ते थंडीत कडक होई, तडकत असे आणि पिवळं पडे. १९३०च्या दशकात पॅराफिन मेण मुरवलेलं सुती कापड आलं आणि ही खोड गेली. बार्बर हे १८९४ पासून साउथ शील्ड्स बंदरात खलाशांना आणि गोदी कामगारांना तेलकापडाचे कपडे विकणारे दुकानदार. दुसऱ्या महायुद्धात ‘अर्सुला’ पाणबुडीच्या कप्तानाने बार्बरच्या मोटरसायकली पोशाखावरून आपल्या माणसांसाठी सूट करून घेतला. खलाशांचं कापड मोटरसायकलवरून पुन्हा समुद्रावर गेलं.

हे मेणकापड दरवर्षी नव्याने मुरवावं लागतं. मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवायचा, पातळ मेण फडक्यावर घेऊन शिवणींवर जास्त चोळायचं. मला या कोटाबद्दल मनापासून आदर आहे, तरी मुंबईत तो घालू नये असंच मी म्हणेन. त्यातून हवा खेळत नाही, आतून घामाने भिजायला होतं, आणि दमट कपाटात त्याला बुरशी धरते.

आपल्याकडे याच्या तोडीचं वस्त्र आहे ते इरलं. आरेचे वारली पाडे तिथल्या १९४९च्या दुग्धवसाहतीहून जुने, आणि इरलं त्याहूनही जुन्या शेतीतलं. ठाणे-कोकण पट्ट्यात भात लावणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इरली वापरत आली. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये पानांचे थर, आकार पालथ्या होडीसारखा. उभ्या माणसाला ते बेढब वाटतं; वाकलेल्या माणसाच्या डोक्यावरून कमरेपर्यंत ते नीट बसतं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि खालून वारा वाहतो. बार्बरच्या तिरक्या खिशामागे जी समज आहे, ती इथे आधीपासून होती. आज कॉलनीतल्या तबेल्यांतून कॅन लटकावून निघणारा दूधवाला साध्या प्लास्टिकच्या रेनकोटात भिजतो, कारण त्याची बैठक, त्याचं ओझं आणि त्याचा पाऊस मोजून अजून कोणी कोट बेतलेला नाही.