एका होडीतले प्रतिस्पर्धी

मैदानी खेळात पंचाची नजर सगळीकडे पोहोचते. कुस्तीचा हौदा असो, कबड्डीचे अंगण असो की क्रिकेटची खेळपट्टी, लबाडी झाली तर ती चार डोळ्यांना दिसते. पण तेरा चौरस किलोमीटरच्या तळ्यावर होड्या वाऱ्याबरोबर पांगल्या आहेत, प्रत्येकीत माणसे गळ टाकून बसली आहेत आणि संध्याकाळी किनाऱ्यावर येणाऱ्या माशांवरून हारजीत ठरणार आहे. अशा खेळात पंच उभा कुठे राहणार?

जुन्या खेळांच्या नियमावल्या वाचण्याचा मला नाद आहे. या नादाला ना पदवीचा आधार, ना संस्थेचा. नियम वाचताना मी एकच प्रश्न विचारतो: हा नियम करणाऱ्याला कसली भीती वाटत होती? होडीतून चालणाऱ्या फ्लाय फिशिंगच्या सांघिक सामन्यांना हा प्रश्न विचारला, तेव्हा स्कॉटलंडमधल्या किनरॉस गावाजवळचे लॉक लेव्हन हे तळे माझ्या अभ्यासाचा विषय झाले.

हे तळे इतिहासात ओळखले जाते ते वेगळ्याच कारणाने. त्यातल्या बेटावरच्या किल्ल्यात राणी मेरीला १५६७ मध्ये कैदेत ठेवले होते आणि २ मे १५६८ रोजी ती होडीतून निसटली. माझा विषय मात्र नंतरच्या होड्यांचा.

आधी खेळ समजून घेऊ. आपल्याकडे गळाला गांडूळ, कोळंबी किंवा कणकेची गोळी लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये पिसे, लोकर आणि रेशीम यांनी गळ मढवून त्याची नकली माशी करतात. तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून ती भिरकावायला वजनदार दोर आणि लवचीक काठी लागते. लेव्हनची सरासरी खोली चार मीटरहूनही थोडी कमी. उथळ पाण्यात किडे विपुल, आणि ते खाणारे ट्राउट मासे तळ्यात दूरवर पसरलेले. त्यामुळे काठावर बसून भागत नाही. होडी वाऱ्याला आडवी धरायची, वारा पाठीवर घ्यायचा आणि वाहत जाताना पुढच्या पाण्यावर आखूड दोराने माश्या टाकायच्या, अशी इथली रीत. एका दोराला तीन-चार माश्या असत. होडीचे एक टोक एका गळवाल्याचे, दुसरे दुसऱ्याचे. दोघांच्या मधून पुढच्या पाण्यात एक न दिसणारी रेघ जाते आणि ती ओलांडून दोर टाकणे असभ्यपणाचे मानतात.

१८६० पर्यंत किनरॉसला रेल्वे पोहोचली होती. शहरातल्या माणसाला सकाळी निघून रात्री घरी परतता येऊ लागले. १८८० मध्ये स्कॉटलंडमधल्या गळवाल्यांच्या क्लबांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिच्या स्पर्धा लेव्हनवर होऊ लागल्या. एकांतातला छंद म्हणून ज्याची ख्याती, आयझॅक वॉल्टनने १६५३ मध्ये ज्याला चिंतनाची करमणूक म्हणून गौरवले, तो आता क्लबाच्या नावाने खेळायचा सामना झाला. इथून नियमांची गरज लागली.

पहिली भीती दैवाची. कोणत्या होडीला चांगला नावाडी मिळतो, कोणाला कोणते टोक मिळते, यावर मासे अवलंबून. म्हणून होड्या आणि जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात आणि अर्ध्या वेळानंतर टोके बदलण्याची प्रथा आहे. दुसरी भीती हावरेपणाची. म्हणून जिवंत आमिष नाही, होडीमागे दोर ओढत नेणे नाही, उभे राहून दूर फेकणे नाही. सगळ्यांनी बसूनच खेळायचे. वाहत चाललेल्या दुसऱ्या होडीच्या पुढ्यातून आपली होडी घालायची नाही.

तिसरी भीती लबाडीची, आणि तिच्यावरचा उपाय मला सर्वांत देखणा वाटतो. सांघिक सामन्यात एका होडीत एकाच संघाचे दोघे बसत नाहीत. इंग्लंडचा असेल तर त्याच्या शेजारी स्कॉटलंडचा, वेल्सचा असेल तर आयर्लंडचा. प्रतिस्पर्धीच साक्षीदार होतो. स्वतंत्र पंचाला कंटाळा येईल, डुलकी लागेल. प्रतिस्पर्ध्याला कशी लागेल? आणि हे दुहेरी आहे. मी त्याच्यावर नजर ठेवतो तशी तो माझ्यावर.

पण एवढ्याने गोष्ट संपत नाही. दिवसभर दोघे एकाच लाकडी पट्टीवर, एकाच पावसात. एकाने उगाच हालचाल केली तर दुसऱ्याचा मासा जातो. एकाचा दोर गुंतला तर दुसऱ्याला थांबावे लागते. कोणत्या बाजूने वाहत जायचे, हे दोघांना मिळून ठरवावे लागते. आपला संघ दूर, दुसऱ्या होड्यांत. आणि ज्याला हरवायचे तो हाताच्या अंतरावर. नजर ठेवण्यासाठी केलेल्या नियमाने शेजारधर्म शिकवला. नियम करणाऱ्यांच्या मनात हे होते असे मी म्हणणार नाही. पण चांगल्या नियमाचे फळ बहुधा त्याच्या हेतूहून मोठे असते.

आज जागतिक स्पर्धांत बहुतेक मासे मारत नाहीत. लांबी मोजून सोडून देतात. प्रत्येक गटात खेळाडूचा जो क्रमांक येतो, त्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. एकाने ढीगभर मासे पकडले तरी त्याचा क्रमांक पहिलाच. सोबत्याच्या रिकाम्या हातांची भरपाई त्यातून होत नाही.

लेव्हनच्या माशाने स्वतःही मोठा प्रवास केला. स्टर्लिंगजवळच्या हाउइटून इथे सर जेम्स मेटलंड यांनी १८७० च्या दशकात मत्स्यबीज केंद्र उभारले. लेव्हनच्या वाणाची अंडी तिथून दूरदूरच्या देशांत गेली. काश्मीरमध्येही ट्राउट मूळचा नव्हे. १८९९ मध्ये आणलेली पहिली खेप वाटेतच नासली. पुढच्या वर्षी स्कॉटलंडहून आलेली खेप जगली आणि श्रीनगरजवळ हारवनला माशांची पैदास सुरू झाली. पुढाकार होता तिथले गालिचे-कारखानदार फ्रँक मिचेल यांचा. पहलगामला ट्राउट खाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या ताटात त्या खटाटोपाचा अंश असतो.

आता मूळ तळ्याकडे परत येऊ, कारण नियमांची खरी परीक्षा तिथेच झाली. १८३० च्या सुमारास शेतजमीन मिळवण्यासाठी आणि खालच्या गिरण्यांना बारमाही पाणी देण्यासाठी लेव्हनची पातळी सुमारे दीड मीटरने उतरवली. तळ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. विसाव्या शतकात लोकरीच्या गिरणीचे, सांडपाण्याचे आणि शेतांतल्या खताचे फॉस्फरस पाण्यात साचत राहिले. १९६४ मध्ये तळे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाले, तरी पाणी बिघडतच होते. १३ जून १९९२ रोजी निळ्या-हिरव्या शेवाळाचा असा थर आला की तो दिवस ‘स्कम सॅटरडे’ म्हणूनच लोकांच्या लक्षात राहिला. माशांची पकड घसरली. काही वर्षे बाहेरचे रेनबो ट्राउट आणून सोडावे लागले. सांडपाण्यावर प्रक्रिया वाढली, गिरणीचे फॉस्फरस थांबले, तसे पाणी हळूहळू सुधारत गेले. तळाच्या गाळात मुरलेले फॉस्फरस मात्र पुढेही कितीतरी वर्षे पाण्यात उतरत राहिले.

या सगळ्यात कोणी सामन्याचा एकही नियम मोडला नव्हता. होडीतल्या दोघांनी एकमेकांवर चोख नजर ठेवली होती. दोर किती, माश्या किती, बसले की उठले, सारे मोजले होते. न मोजलेले राहिले ते होडीखालचे पाणी, कारण ते कोणाच्याच संघाचे नव्हते. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, ही म्हण आपण शहाणपणाने माणसांच्या व्यवहाराला लावतो. लेव्हनच्या काठी ती अक्षरशः खरी ठरली. जो मासा जिंकायचा होता त्याच्याशी वैर खेळाडूंनी केले नाही. ते केले काठावरच्या हिशेबांनी, आणि त्या हिशेबांवर नजर ठेवायला समोरच्या संघाचा माणूस कोणी बसवला नव्हता.