आजीचा करंडा, लाख आणि मेण

परवा माझ्या हातून एक पाप घडलं. आमच्या घरात आजीचा कुंकवाचा करंडा आहे. सावंतवाडीचा, लाकडी, मुठीत मावेल एवढा. तांबड्या अंगावर पिवळी-हिरवी वळी आणि झाकणावर रंगवलेलं एक फूल. वर्षानुवर्षं हाताळून झाकण काळपट झालं होतं. मला आला स्वच्छतेचा झटका. औषधांच्या कपाटातलं स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेतलं आणि दिलं घासून. दुसऱ्याच हाताला बोळा तांबडा झाला. थांबेपर्यंत फुलाच्या दोन पाकळ्या गेल्या होत्या.

(नातेवाईक मंडळींनो, फोन करण्याआधी पुढचं वाचा!)

मग अपराधी मनाने वाचायला बसले, तेव्हा कळलं की शाळेत शिकलेलंच विसरले होते. करंड्यावर असते ती लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार ज्याला स्पिरिट पॉलिश म्हणतो ते दुसरं काय असतं? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बोळ्याने लावायची. मी तीच क्रिया उलटी केली होती.

लाख हा एका इवल्याशा किड्याचा स्राव. पळस, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर तो साचतो. आपल्याकडे तिची ओळख इतकी जुनी की महाभारतात पांडवांना जाळायला लाक्षागृहच बांधलं. पण मला जास्त गंमत वाटली ती 'ऐन-ए-अकबरी'ची. अबुल फझल हा बादशहाचा वजीर-विद्वान, पण चिकाच्या पडद्यांना रंग कसा द्यायचा तेही त्याने लिहून ठेवलंय. तांबड्यासाठी चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळ्यासाठी तितक्याच लाखेला एक शेर हरताळ. (हो, आपण चुकीवर फासतो तोच हरताळ.) म्हणजे रंग वेगळा आणि वरचा चकचकीत लेप वेगळा असं नाही, रंग लाखेतच मुरवलेला. कातारी कामातही तेच. लेथवर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणायची. ब्रश नाही की वाळण्याची वाट पाहणं नाही.

सावंतवाडीत ही लाख फक्त खेळण्यांवर आणि पाटांवर राहिली नाही, गंजिफावरही चढली. चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवून केलेली ती गोल पानं, दशावताराच्या जोडात १२० असतात. १९७०च्या दशकापर्यंत ही कला जवळजवळ संपली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं, म्हणून ती टिकली.

जाता जाता एक. कृत्रिम रंग आल्यावर लाखेच्या तांबड्या रंगाचा बाजार बसला, पण लाखेला स्वतःला नवं गिऱ्हाईक मिळालं, ते म्हणजे ग्रामोफोन. ७८च्या त्या जड, पडली की फुटणाऱ्या तबकड्या लाखेच्याच असत. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखानाही निघाला. आजोबांच्या तबकड्या आणि आजीचा करंडा, दोन्ही एकाच किड्याची कृपा!

असो. पण झाकणावरचा तो काळपट थर काय होता? आत्याला विचारलं. ती म्हणाली, "अगं, मळ कसला? मेण ते!" पूर्वी कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं आणि त्यावर कोरडं कुंकू. करंड्यात मेणाची छोटी डबी असायचीच. कुंकू लावून झालं की त्याच बोटांनी झाकण बंद. रोज सकाळी, पन्नासेक वर्षं. कारागिराने लाख दिली होती, त्यावर आजीने नकळत मेण चढवलं होतं. आणि हल्ली रंगवलेल्या लाकडी वस्तूंना शेवटचा हात म्हणून मेणाची महागडी डबी विकत घेतात ते नेमकं हेच. मेण लाखेसारखं कडक होत नाही, उष्णतेने मऊ पडतं, अधूनमधून पुन्हा लावावं लागतं. पण ओल्या हाताचा डाग चटकन पडू देत नाही आणि रंगाला एक मऊ, दबका उजाळा देतं. चकाकी नव्हे, उजाळा.

शेवटी मधमाशीचं मेण आणलं, जराशा टर्पेंटाइनमध्ये कालवलं आणि आधी तळाला लावून पाहिलं. रंग सुटला नाही. मग सुती फडक्याने सगळीकडे अगदी पातळ हात दिला, रात्रभर ठेवून सकाळी चोळला. तांबडा पुन्हा बोलायला लागला. पाकळ्या गेल्या त्या गेल्याच. आत्या म्हणते, मे महिन्यात सावंतवाडीला नेऊन चिताऱ्याकडून रंगवून घे. माझं मन अजून होत नाही.

आतल्या डबीत आजीचं मेण अजून आहे, वाटाण्याएवढं, दगडासारखं झालेलं. त्याला हात लावलेला नाही.