पहिल्या लेव्हलचा इतिहास

ऑनलाइन फॅन्टसी गेम कुठलाही घ्या, पहिल्या दिवशीची अवस्था साधारण सारखीच असते. अंगावर साधा सदरा, हातात बोथट तलवार नाहीतर काठी, खिशात चार नाणी. समोरून कुणीतरी झळझळीत चिलखत घालून ड्रॅगनवर बसून निघून जातं. चॅटमध्ये लोक काय बोलतायत त्यातलं ओ की ठो कळत नाही. गावाबाहेर पाऊल टाकलं तर उंदीरसुद्धा मारून टाकतो.

या गेम्सचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा ग्राफिक्सबद्दल, कंपन्यांबद्दल, पैशांबद्दल बोललं जातं. मला तो या नवख्याच्या जागेवर उभं राहून वाचायला आवडतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडेही दर काही महिन्यांनी कुणीतरी पहिल्या लेव्हलवर येऊन उभं राहतं, आणि याचं काय करायचं हा प्रश्न टीमसमोर येतो. गेम बनवणारी मंडळी या प्रश्नाशी चाळीसहून जास्त वर्षं झगडतायत. त्यांनी दिलेली उत्तरं एकामागोमाग एक ठेवली तर एक गोष्ट लक्षात येते. ‘नव्याला शिकवायचं कसं’ हा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा होता. अवघड प्रश्न दुसराच होता: जुन्यानं नव्यासाठी वेळ का घालवावा?

एसेक्स, १९७८

इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं पीडीपी-१० कॉम्प्युटरवर एक गेम लिहायला घेतला. नाव मड, म्हणजे मल्टी-युजर डन्जन. १९८० मध्ये रिचर्ड बार्टल यांनी तो ताब्यात घेऊन पूर्ण केला. चित्र एकही नव्हतं. स्क्रीनवर वर्णन यायचं, तुम्ही ‘उत्तरेला जा’, ‘तलवार उचल’ अशा आज्ञा टाइप करायच्या. वेगळेपण एकच होतं, पण ते फार मोठं होतं. त्याच जंगलात त्याच वेळी दुसरी खरी माणसंही फिरत असायची.

खजिना शोधायचा, तो नेऊन दलदलीत टाकायचा, त्याचे गुण मिळवायचे आणि चढत चढत विझार्ड व्हायचं. सर्वात खालची पायरी होती नोव्हिस, म्हणजे नवशिका. लढाईत मेलात तर पात्र कायमचं पुसलं जायचं. महिनोन्‌महिन्यांची कमाई एका रात्रीत साफ.

बार्टल यांनी पुढे अनेकदा सांगितलंय की या चढणीमागे एक राजकीय विचार होता. ब्रिटनमध्ये तुम्ही कुठल्या घरात जन्मलात, तुमचा उच्चार कसा आहे, यावरून तुमची जागा ठरायची. मडमध्ये प्रत्येक जण नवशिका म्हणूनच सुरुवात करणार आणि वर जाणार तो स्वतःच्या कर्तबगारीवर. पहिली लेव्हल म्हणजे सगळ्यांची पाटी कोरी. आज आपल्याला ‘लेव्हल १’ ही इतकी साधी गोष्ट वाटते की तिच्यात समतेचं काही स्वप्न असेल अशी शंकाही येत नाही.

पण प्रत्यक्षात जे वर पोचले त्यांच्या हातात खालच्यांवर अमर्याद सत्ता आली. विझार्ड हे त्या जगाचे व्यवस्थापक होते. त्यांचा नव्यातला रस त्यांच्या स्वभावावर अवलंबून असायचा. चांगला भेटला तर वाटाड्या, नाहीतर छळवादी. १९९६ मध्ये बार्टल यांनी खेळाडूंचे चार प्रकार सांगणारा प्रसिद्ध निबंध लिहिला: गुण कमावणारे, जग धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि इतरांना मारणारे. नवख्याच्या नजरेनं पाहिलं तर या यादीचा अर्थ सरळ आहे. पहिल्या दिवशी यातला कोण भेटतो, यावर तुमचा दुसरा दिवस उजाडणार की नाही ते ठरतं.

शिकार

२४ सप्टेंबर १९९७ रोजी टेक्सासमधल्या ओरिजिन सिस्टिम्सनं ‘अल्टिमा ऑनलाइन’ आणला. आता ब्रिटानिया नावाचं अख्खं जग डोळ्यांना दिसत होतं. लोहार व्हा, शिंपी व्हा, कोळी व्हा, काहीही व्हा. शहरात कुणी हल्ला केला तर ‘गार्ड्स’ असं टाइप करायचं, पहारेकरी हजर व्हायचे. वेशीबाहेर मात्र पहारेकरी नव्हते आणि कायदाही नव्हता.

नवखे तर वेशीबाहेरच जाणार; लाकूड, धातू, जनावरं सगळं तिथंच. खाणीच्या तोंडाशी जुने खेळाडू टपून बसायचे. नवखा तासभर कुदळ मारून धातू गोळा करायचा, बाहेर यायचा, मारला जायचा. त्याच्या प्रेतावरचं सगळं लुटलं जायचं, कपड्यांसकट.

रॅफ कॉस्टर हे या गेमचे प्रमुख रचनाकार. समाज आपले नियम आपण घडवेल, चांगले लोक एकत्र येऊन लुटारूंचा बंदोबस्त करतील, अशी त्यांची आशा होती. तसे प्रयत्न झालेही. पण हिशेब विषम होता. मारणाऱ्याला मजा आणि लूट दोन्ही मिळत होतं. राखण करणाऱ्याला थकवा. कॉस्टर यांनी नंतर या काळाबद्दल सविस्तर आणि मोकळेपणानं लिहिलं. त्या आदर्शाची किंमत सोडून गेलेल्या खेळाडूंच्या रूपात मोजावी लागली, हे त्यात स्पष्ट आहे.

२००० मध्ये उपाय झाला. जगाच्या दोन प्रती केल्या: फेलुका जुन्या पद्धतीची, ट्रॅमल सुरक्षित. बहुसंख्य लोक ट्रॅमलमध्ये निघून गेले. जुने लढवय्ये आजही म्हणतात की त्या दिवशी गेम मेला. खाणीच्या तोंडाशी मेलेला नवखा काय म्हणतो ते कुणी विचारत नाही. कारण तो तेव्हाच सोडून गेला आणि आठवणी लिहायला उरला नाही. ‘जुन्या काळी कशी मजा होती’ हे वाक्य कुठेही वाचलं की मी हे ध्यानात ठेवतो. ते टिकून राहिलेल्यांनी लिहिलेलं असतं.

याच गेममध्ये आणखी एक प्रयोग होता. नवख्यांच्या शंका सोडवणारे ‘कौन्सेलर’ होते. हौशी, बिनपगारी खेळाडू. २००० मध्ये त्यांच्यातल्या काही जणांनी मालक कंपनीवर दावा लावला: आम्ही जे केलं ते काम होतं, आम्हाला किमान वेतन द्या. मला हा दावा फार महत्त्वाचा वाटतो. नवख्याला हात देणं हे काम आहे, हे तिथे कुणीतरी कागदावर मांडलं.

गरज

मार्च १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आला. इथे बहुतेक ठिकाणी खेळाडू एकमेकांना मारू शकत नव्हते. ते काम जगच करायचं. सुरुवातीला गेममध्ये नकाशा नव्हता. माणूस जमातीचं पात्र घेतलं तर रात्री अंधारात दिसायचंच नाही. वुड एल्फ घेतला तर केलेथिन या झाडांवर बांधलेल्या शहरात जन्म; एक पाऊल चुकलं की खाली पडून मृत्यू. मेल्यावर कमावलेले अनुभवगुण जायचे, आणि सगळं सामान प्रेतापाशी पडून राहायचं. रिकाम्या हातानं परत तिथंवर जाऊन ते आणायचं, तेही मुदतीत. मुदत संपली की प्रेत सामानासकट नाहीसं.

पण इथे एक वेगळी गोष्ट घडली. एकट्यानं फारसं काही जमत नसल्यामुळे सगळ्यांना सगळे लागायचे. योद्ध्याला जखमा भरणारा क्लेरिक लागायचा. लांबच्या प्रवासाला क्षणात पोचवणारा ड्रुइड किंवा विझार्ड लागायचा. प्रेत अवघड जागी पडलं असेल तर दुसरा खेळाडू ते ओढून बाहेर आणू शकायचा, फक्त त्यासाठी तुम्ही त्याला रीतसर परवानगीची आज्ञा द्यायची. स्वतःचं प्रेत अनोळखी माणसाच्या हवाली करायचं, यापेक्षा विश्वासाची मोठी परीक्षा कुठल्याही गेमनं घेतली नसेल.

जुन्याला नव्यात रस होता, कारण आजचा नवखा क्लेरिक उद्या कामाचा होता. सर्व्हरवर नाव असायचं. मदत करणारा आणि दगा देणारा, दोघेही लक्षात राहायचे. गावात असतं तसंच.

पिवळं उद्गारचिन्ह

२३ नोव्हेंबर २००४ रोजी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ उघडला आणि नवख्याचे हाल जवळपास संपले. ज्याच्याकडे काम मिळेल त्याच्या डोक्यावर मोठं पिवळं उद्गारचिन्ह. तो सांगणार: अमुक इतके कोबोल्ड मार आणि परत ये. गेलात, मारलेत, आलात. बक्षीस, आणि पुढच्याचा पत्ता. मेलात तर भूत होऊन शरीरापर्यंत चालत जायचं, अनुभवगुण शाबूत. हात धरून नेणारा वाटाड्या आता प्रोग्रॅममध्येच होता.

हे उत्तम काम होतं, यात वाद नाही. ज्यांनी आयुष्यात असा गेम खेळला नव्हता अशी लाखो माणसं त्यामुळे आत आली. २०१० मध्ये सदस्यसंख्या १ कोटी २० लाखांवर गेली. पण नवख्याला जुन्याची गरज उरली नाही आणि जुन्याला नव्याची. डिसेंबर २००९ मध्ये गट जुळवून देणारं बटण आलं. ते दाबलं की चार अनोळखी माणसं जोडली जायची आणि थेट गुहेच्या दारात. काम झालं की पांगापांग, बहुतेकदा एक शब्दही न बोलता.

माझी स्वतःची ओळख झाली ती ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’शी, फोनवर. ‘रुनस्केप’ हा केंब्रिजच्या गॉवर बंधूंचा २००१ चा गेम. ‘ओल्ड स्कूल’ म्हणजे त्याचीच ऑगस्ट २००७ ची जतन केलेली प्रत, जी २०१३ मध्ये खेळाडूंच्या मागणीवरून पुन्हा सुरू झाली आणि २०१८ मध्ये फोनवर आली. सुरुवात एका शिकवणीच्या बेटावर: लाकूड तोड, आग पेटव, कोळंबी भाज. मग लम्ब्रिज नावाचं गाव. तिथला आचारी केकसाठी अंडं, दूध आणि पीठ आणायला सांगतो. अंडं कोंबड्यांपाशी, दूध गायीपाशी, गहू शेतातून तोडून गिरणीत दळायचा. तलवार उपसून आलेल्या माणसाला पहिलं काम दळण! मला ते फार आवडलं.

जुन्या खेळाडूंकडून कळलं की पूर्वी नवख्यांची कमाई गायींच्या कातड्यांवर आणि जवसाच्या काड्यांवर चालायची. वरच्या लेव्हलच्या लोकांना हा कच्चा माल हवा असायचा, पण गोळा करायला कंटाळा. मग बँकेपाशी उभं राहून सौदे व्हायचे, ओळखी व्हायच्या, फसवणूकही व्हायची. ‘तुझं चिलखत फुकट सजवून देतो’ म्हणून ते घेऊन पळणारे तिथलेच. नोव्हेंबर २००७ मध्ये ग्रँड एक्स्चेंज नावाचा बाजार आला. माल टाका, भाव टाका, गिऱ्हाईक आपोआप जुळेल. फसवणूक घटली. गप्पाही घटल्या. ‘ओल्ड स्कूल’ची प्रत या बाजाराच्या आधीची, म्हणजे तिथे तो नव्हताच, २०१५ मध्ये खेळाडूंनी मत देऊन तो परत आणला. सोय कुणालाही नकोशी नसते.

मी पोचलो तेव्हा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर विकीवर तयार होतं. कित्येक आठवडे मी खेळलो आणि कुणालाही काही विचारावं लागलं नाही. आजूबाजूला शेकडो माणसं लाकडं तोडत उभी असायची.

अंकुर

‘फायनल फॅन्टसी १४’ या गेममध्ये नवख्याच्या नावापुढे छोटा हिरवा अंकुर दिसतो. २०१६ मध्ये त्यांनी नवख्यांसाठी वेगळं चॅट सुरू केलं आणि अनुभवी खेळाडूंना मेंटॉर होण्याची सोय दिली. मेंटॉर म्हणून २००० वेळा मोहिमांवर गेलात तर एक खास वाहन मिळतं. साहजिकच काही जण अंकुरासाठी येतात आणि काही जण वाहनासाठी. तरी मला हे प्रामाणिक वाटतं. मदतीला मोल आहे हे मान्य करून त्यांनी ते मोजलं तरी. एसेक्समध्ये ते स्वभावावर सोडलं होतं, ब्रिटानियात फुकट घेतलं होतं, नोराथमध्ये गरजेतून वसूल केलं होतं.

ऑफिसात हा हिशेब मला रोज दिसतो. मी नोकरीला लागलो तेव्हा सिनियर माझ्याशेजारी तासन्‌तास बसायचे, कारण मी शिकलो नाही तर रात्रीचे फोन त्यांनाच येणार होते. आज नवीन मुलगी येते, कागदपत्रं वाचते, चॅटबॉटला विचारते आणि चौथ्या दिवशी कोड पाठवते. काम चांगलं असतं. पण मला तिची फारशी ओळख होत नाही आणि तिला माझी. काही अडलं तर तिनं हाक कुणाला मारायची? पिवळं उद्गारचिन्ह सगळं सांगतं. तुमच्यासाठी प्रेत ओढत नाही.

२७ ऑगस्ट २०१९ रोजी ‘वॉरक्राफ्ट’ची जुनी आवृत्ती पुन्हा उघडली. पहिल्या दिवशी सुरुवातीच्या गावांत इतकी गर्दी झाली की क्वेस्टमधला एकेक राक्षस मारायला माणसं पुरेनात असं नाही, राक्षस पुरेनात. आणि मग एक अजब दृश्य दिसलं. रेशनच्या दुकानापुढे लागते तशी रांग. तलवारी घेऊन लोक एकामागे एक उभे, राक्षस पुन्हा जिवंत होण्याची वाट पाहत, आपला नंबर आला की मारून बाजूला होत. कुठल्याही नियमानं त्यांना रांग लावायला सांगितलं नव्हतं.

त्यातले पुष्कळ जण गेमचा कोपरा न् कोपरा ओळखत होते. पण त्या दिवशी सगळे लेव्हल १ वर होते आणि रांगेत पुढे-मागे बोलायला माणूस होता.