एका पाण्यावरची दोन पिके

परसदारी एक लहानसे तळे, तळ्यात मासे, शेजारी खडीने भरलेला वाफा आणि वाफ्यात पालक, पुदिना किंवा टोमॅटो. तळ्यातील पाणी पंपाने वाफ्यात चढावे आणि खडीतून झिरपून पुन्हा तळ्यात उतरावे, असा हा बेत. माशांनी खराब केलेल्या पाण्यावर भाजी पोसली जाते आणि वाफ्यातून परतलेले पाणी माशांना पुन्हा मानवते. ह्या रचनेला ॲक्वापोनिक्स म्हणतात. अलीकडे शहरांतील परसांत आणि गच्च्यांवर ती दिसू लागली आहे. तिचे तयार संचही बाजारात मिळतात. त्यामुळे ही एखादी नवी परदेशी टूम असावी, असा समज सहज होतो. नाव नवे आहे, हे खरे. व्यवहार मात्र फार जुना आहे. श्रोतेहो, त्या व्यवहाराचा इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे, आणि तोही केवळ कुतूहलापोटी नव्हे. हौसेने खणलेली पुष्कळ तळी पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच का बिघडतात, ह्याचे उत्तर त्या इतिहासातच सापडते.

आरंभ चीनपासून करावा लागतो. त्या देशाच्या झेजियांग प्रांतात छिंगत्येन नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे भाताच्या खाचरात मासे सोडण्याची वहिवाट बाराशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. मासे तण आणि किडे खातात, चिखल ढवळतात आणि त्यांच्या विष्ठेचे खत भाताला मिळते. उलट भाताची सावली उन्हाळ्यात माशांना लाभते. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ह्या मुलखाला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा मान दिला. दक्षिण चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाशी ह्याच विचाराचे आणखी एक रूप वाढले. तेथे तळ्याच्या बांधावर तुती लावीत, तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोशीत, किड्यांची विष्ठा माशांना घालीत आणि तळ्याचा गाळ काढून पुन्हा तुतीच्या मुळाशी टाकीत. एकाचा उष्टा घास दुसऱ्याच्या पानात पडे आणि काही वाया जात नसे.

मेक्सिकोतील शोचिमिल्को येथे आझ्टेक लोकांनी उथळ सरोवरात गाळ रचून लांबट वाफे उठविले. त्यांना चिनांपा म्हणतात. ते तरंगते नव्हेत. त्यांच्या कडेला विलोची झाडे लावून माती धरून ठेवलेली असे. मधल्या कालव्यांत मासे असत, आणि कालव्यांतला गाळ दरवर्षी वाफ्यांवर चढविला जाई. आपल्याकडे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ ह्या संस्कृत ग्रंथात कुणपजल नावाचे खत सांगितले आहे. त्यात प्राण्यांच्या मांसाबरोबर मासेही शिजवून आंबविण्यास सांगितले आहे. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातील ह्या ग्रंथाची पोथी भाषांतरासह १९९६ साली सिकंदराबादेहून प्रसिद्ध झाली. मासा हे झाडाचे उत्तम अन्न आहे, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

परंतु पाणी, पीक आणि मासळी ह्यांचा एकत्र संसार पाहावयाचा असेल, तर गोमंतकातील खाजन जमिनींकडे वळले पाहिजे. मांडवी आणि जुवारी ह्या नद्यांच्या काठी भरतीचे खारे पाणी जेथवर चढे, तेथे गावकऱ्यांनी मातीचे बांध घालून जमीन सोडवून घेतली. बांधात मानस नावाचे दार बसविले. त्याची लाकडी झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आपोआप उघडते. पावसाळ्यात गोड पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन निघाला की खाऱ्या जमिनीत तग धरणारे कोरगूटसारखे भात लावावयाचे. पीक निघाल्यावर सखल भागात बेताने भरतीचे पाणी घेऊन मासे आणि कोळंबी धरावयाची. सर्वांत सखल जागी पाणी साठे, त्याला पोंय म्हणतात. खाजन म्हणजे ॲक्वापोनिक्स नव्हे. तेथे पंपही नाही आणि खडीचा वाफाही नाही. तथापि एकाच पाण्यावर भात आणि मासळी ह्या दोघांनाही जगवावयाचे, आणि एकाच्या लोभाने दुसऱ्याचा बळी जाऊ द्यावयाचा नाही, हा मूळ नियम दोन्हीकडे एकच आहे.

हा नियम पाळला जाई, कारण तो पाळणारी एक संस्था होती. गावकरी ही पोर्तुगीजांच्या आधीपासूनची ग्रामसंस्था. तिच्या चालीरीती १५२६ सालच्या सनदेत नोंदलेल्या आहेत. बांध फुटला की कोणी धावावयाचे, मानशीवरची मासळी लिलावात कोणाला द्यावयाची, दार केव्हा उघडावयाचे, हे सारे ती ठरवी. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळकायदा आणि १९७६ ची त्याची दुरुस्ती ह्यांमुळे कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. तो न्याय्यच होता. मात्र जमीन वाटली गेली, तसा बांध वाटून घेता येत नाही. बांधाची राखण कुळांच्या संघटनांकडे आली, आणि अनेक ठिकाणी ती सैल पडली. बांधाला भगदाड पडले की खारे पाणी वर्षभर राहते; भात जाते, पण कोळंबी राहते. ज्याला कोळंबीत अधिक पैसा दिसतो, त्याला ते भगदाड बुजविण्याची घाई नसते. शेकडो वर्षे भात देणारी काही खाजने अशा रीतीने कायमची पाण्याखाली गेली. दोन पिकांचा समतोल यंत्राने मोडला नाही. राखणदार उठून गेला, म्हणून तो मोडला.

आता ह्या व्यवहारातील एका अदृश्य भागीदाराकडे वळू. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतो, आणि अमोनिया हे माशाला विषच आहे. हे विष झाडाचे अन्न कसे होते? १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्स ह्या दोघा शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून गटाराचे पाणी हळूहळू झिरपविले. पहिले सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येई. मग एकाएकी त्याचे नायट्रेट होऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच हे काम थांबले. पुढे थोड्या मातीचा अर्क घालताच ते पुन्हा सुरू झाले. अर्थात हे काम जिवंत जंतूंचे होते. १८९० च्या सुमारास विनोग्रादस्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने झुरिक येथे हे जंतू वेगळे करून दाखविले. जंतूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही माशांना घातक असते. नायट्रेट मात्र त्यांना बरेच सोसते आणि झाडाला तर ते हवेच असते.

चीनच्या शेतकऱ्याला हा भागीदार ठाऊक नव्हता. पण त्याच्या खाचरात तो पिढ्यान् पिढ्या नांदत होता. परसातील नव्या तळ्यात तो नसतो, आणि पहिला अनर्थ होतो तो ह्याच कारणाने. हौशी माणूस रविवारी तळे भरतो, सोमवारी मासे सोडतो आणि पंधरवड्यात मेलेले मासे काढीत बसतो. त्या नळीतले वीस दिवस येथेही चुकत नाहीत. उष्ण हवेत साधारण चार ते सहा आठवडे पाणी खडीतून फिरवीत ठेवावे, त्यात किंचित अमोनिया मिळेल अशी तजवीज करावी, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही नाहीसे झाल्याचे तपासूनच मासे सोडावेत. जुन्या तळ्यातील मूठभर खडी विरजणासारखी घातली, तर काम लवकर होते.

ह्या ज्ञानाचा जुन्या व्यवहाराशी सांधा जुळला तो अमेरिकेत. १९६९ साली जॉन टॉड, नॅन्सी जॅक टॉड आणि विल्यम मॅक्लार्नी ह्यांनी न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट स्थापन केली. मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथे तिने काचघरांत माशांची टाकी आणि भाजीचे वाफे एकत्र मांडले. लहान कुटुंबाने आपले अन्न आपण पिकवावे, हा तिचा हेतू होता. १९९१ साली ती बंद झाली. १९८० नंतरच्या दशकात नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री ह्यांनी टिलापिया माशांचे पाणी वाळूच्या वाफ्यांवर सोडून टोमॅटो आणि काकडी पिकविली. व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठात जेम्स राकोसी ह्यांनी तराफ्यांवर भाजी वाढवून माशांचे खाद्य आणि भाजीचे क्षेत्र ह्यांचे प्रमाण बसवून दिले. २०१४ साली अन्न व कृषी संघटनेने लहान प्रमाणावरील रचनेसाठी एक सविस्तर मार्गदर्शिका काढली, आणि ही विद्या परसापर्यंत पोहोचली.

ते प्रमाण समजून घेण्याजोगे आहे. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दररोज माशांचे सुमारे ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरते. येथे खाद्य माशांना घालावयाचे, भाजीला त्याचा उरलेला अंश पोहोचतो. हजार लिटरच्या तळ्यात दहा किलो वजनाचे मासे असतील आणि ते रोज आपल्या वजनाच्या दोन टक्के खात असतील, तर दोनशे ग्रॅम खाद्य लागेल आणि चारेक चौरस मीटरचा वाफा पोसला जाईल. वाफ्यातील खडी सुमारे ३० सेंटिमीटर खोल असावी. नवख्याने हजार लिटरमागे वीस किलोंच्या वर माशांचा भार कधीही नेऊ नये. मासे वाढविले आणि वाफा तेवढाच ठेवला, तर पाणी विषारी होते. वाफे वाढविले आणि मासे थोडेच ठेवले, तर भाजी पिवळी पडते. दख्खनच्या पठारावरील विंधनविहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते; अशा पाण्यात झाडाला लोह मिळेनासे होते आणि अमोनियाचे विषही अधिक बाधते. म्हणून पावसाचे पाणी साठवून मिसळणे हिताचे.

कोणता मासा सोडावा, ह्यालाही इतिहास आहे. १९५७ साली ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी ह्यांनी संप्रेरकाची सुई टोचून आपल्या देशी माशांची कृत्रिम पैदास यशस्वी केली; रोहू, कटला, मृगळ ह्यांचे बीज आज सर्वत्र मिळते ते त्यामुळे. हे मासे मोठे होतात, म्हणून लहान तळ्यात त्यांची संख्या थोडी ठेवावी. टिलापिया लहान जागेत तगतो खरा. मोझांबिक टिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. पण तो भराभर वाढून देशी माशांच्या मुळावर येतो असे दिसल्यावर १९५९ साली त्याच्या प्रसारावर बंदी आली. आता टिलापियाच्या ठरावीक जाती परवान्याने पाळता येतात. परसातील तळे पावसाळ्यात भरून वाहिले आणि असा परका मासा ओढ्यात गेला, तर त्याला परत बोलावता येत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वीज गेली की पंप थांबतो, आणि दाट मासे असलेल्या तळ्यात काही तासांतच प्राणवायू संपतो. खाजनाच्या मानशीला वीज लागत नाही. आपल्या तळ्याला लागते. तेव्हा मासे विरळ ठेवावेत, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ बाळगावा आणि सकाळ-संध्याकाळ तळ्यापाशी पाच मिनिटे उभे राहावे. मासे तोंड वर काढून हवा घेत आहेत का, पाण्याला वास येतो का, खाल्ल्यावाचून खाद्य तरंगते का, एवढे पाहिले तरी पुरे. घरात हे काम नेमके कोणाचे, ते तळे खणण्यापूर्वीच ठरवावे. गोमंतकातील गावकऱ्यांनीही बांधाची माणसे आधी नेमली होती. भात आणि मासळी त्यांना त्यानंतर मिळाली.