कॉरिडॉरची किंमत

९ डिसेंबर १९६८. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सभागृहात हजारेक संगणकतज्ज्ञ बसले होते. व्यासपीठावर डग्लस एंगलबार्ट, डोक्यावर हेडसेट, समोर कीबोर्ड आणि उजव्या हाताखाली एक छोटी डबी. तिला त्याच्या प्रयोगशाळेत ‘माऊस’ म्हणत. पुढच्या नव्वद मिनिटांत त्यानं माऊस, हायपरटेक्स्ट आणि आज आपण ज्याला व्हिडिओ कॉल म्हणतो ते, असं सगळं करून दाखवलं. पन्नासेक किलोमीटर दूर, मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याचा चेहरा पडद्यावर आला आणि दोघांनी एकाच मजकुरावर एकाच वेळी काम केलं.

संगणकाच्या इतिहासात हा प्रसंग प्रसिद्ध आहे. पण त्यातली एक गंमत सहसा कुणी सांगत नाही. दूर बसूनही एकत्र काम करता येतं, हे पटवायला हजार माणसांना प्रवास करून एका हॉलमध्ये यावं लागलं होतं. तो हॉल म्हणजे ‘फॉल जॉइंट कॉम्प्युटर कॉन्फरन्स’ नावाची एक परिषदच होती.

गेल्या काही वर्षांत ‘आता कॉन्फरन्सची गरज काय?’ हा प्रश्न आमच्या क्षेत्रात सतत ऐकू येतो. तो ऐकला की मला एंगलबार्टचा हॉल आठवतो. परिषद नेमकं काय विकते, हे कळल्याशिवाय तिची गरज संपली की नाही ते सांगता येणार नाही. आणि ते कळायचं तर थोडं मागे जावं लागतं.

परिषद हा धंदा आहे, हे पहिल्यांदा ओळखलं ते शहरांनी. १८९६च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटमधल्या एका वर्तमानपत्रात मिल्टन कारमायकल या पत्रकारानं लिहिलं की, आपल्या शहरात अधूनमधून अधिवेशनं भरतात, बाहेरगावची माणसं येतात, राहतात, खातात, पैसे खर्च करतात. मग व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन अशी अधिवेशनं मुद्दाम खेचून का आणू नयेत? त्यावरून तिथे व्यापाऱ्यांची संघटना उभी राहिली. पर्यटकांना आणि परिषदांना बोलावणाऱ्या शहरी मंडळांचा जन्म तिथला मानतात. आपल्याकडे जत्रा भरली की गावातल्या हॉटेलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांचे चार पैसे होतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. डेट्रॉइटनं फक्त एवढंच केलं की जत्रेसाठी देवाची वाट पाहिली नाही.

हे गणित सर्वांत चांगलं जमलं लास वेगासला. जुगाराचं शहर. शनिवार-रविवारी खोल्या भरलेल्या, सोमवार ते गुरुवार रिकाम्या. रिकाम्या खोल्या भरायच्या कशा? हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून तिथे सरकारी कन्व्हेन्शन सेंटर उभं राहिलं आणि १९५९मध्ये सुरू झालं. परिषदेला येणारा माणूस नेमका आठवड्याच्या मधल्या वारी येतो आणि त्याच्या खोलीचं बिल कंपनी भरते.

या शहरात १९७९मध्ये शेल्डन एडेल्सन नावाच्या माणसानं एक प्रदर्शन भरवलं. बॉस्टनच्या टॅक्सीचालकाचा हा मुलगा. त्याला संगणकातलं फारसं काही कळत नव्हतं, पण धंद्यातली एक अडचण कळत होती. छोटे संगणक बनवणाऱ्या कंपन्या गल्लोगल्ली निघत होत्या आणि ते विकू शकतील असे दुकानदार देशभर विखुरलेले होते. दोघांची गाठ पडत नव्हती. म्हणून ‘कॉम्प्युटर डीलर्स एक्झिबिशन’, म्हणजेच कॉमडेक्स. पहिल्या वर्षी एका हॉटेलात दीडशेच्या वर कंपन्या आणि काही हजार माणसं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे दोन लाखांच्या आसपास माणसं येऊ लागली.

एडेल्सनचा हिशेब साधा होता. हॉलची जागा चौरस फुटाला काही सेंट भाड्यानं घ्यायची आणि स्टॉल लावणाऱ्या कंपन्यांना तीच जागा कितीतरी डॉलर दरानं द्यायची. आठवडी बाजारात जागेची पावती फाडणारा माणूस असतो ना, तसा. फक्त इथे पावती फाडणारा अब्जाधीश झाला. १९८९मध्ये त्यानं सँड्स हे हॉटेल विकत घेतलं, शेजारी स्वतःचं प्रदर्शन केंद्र बांधलं आणि १९९५मध्ये कॉमडेक्ससह आपला प्रदर्शनांचा धंदा जपानच्या सॉफ्टबँकेला ८० कोटी डॉलरहून जास्त किमतीला विकला. जुनं सँड्स पाडून तिथे ‘व्हेनेशियन’ उभं केलं. सिंगापूरचं मरिना बे सँड्स त्याच कंपनीचं. हॉटेल, कॅसिनो आणि कन्व्हेन्शन सेंटर एकाच छपराखाली, हा आज जगभर नकलला जाणारा साचा आहे. त्याच्या मुळाशी संगणक विकणाऱ्या दुकानदारांचा मेळावा आहे, हे मला अजूनही नवलाचं वाटतं.

पण कंपन्या एवढे पैसे का मोजत होत्या? उत्तर १९८२च्या कॉमडेक्समध्ये सापडतं. व्हिजीकॉर्प या कंपनीनं तिथे ‘व्हिजी ऑन’ दाखवलं. पडद्यावर खिडक्या, हातात माऊस, तेही साध्या आयबीएम पीसीवर. प्रेक्षकांत बिल गेट्स होता. तो डेमो त्यानं पुन्हा पुन्हा पाहिला. मायक्रोसॉफ्टमध्ये अशाच प्रणालीवर विचार सुरू होता, पण स्पर्धक इतका पुढे गेलाय हे त्याला तिथे दिसलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं विंडोजची घोषणा केली. विंडोज प्रत्यक्ष बाजारात यायला १९८५ उजाडलं, पण तोवर व्हिजी ऑन मागे पडलं होतं. एका स्टॉलसमोर कोण उभं राहिलं, यावर एवढं अवलंबून होतं.

म्हणजे परिषद तीन गोष्टी विकत होती. माहिती: बाजारात नवं काय आहे. सौदा: कोण किती माल उचलणार. आणि ओळख: ज्या माणसाला भेटायला एरवी सहा महिने लागले असते, तो कॉफीच्या रांगेत आपल्या पुढे उभा असणं. तिकीट एकच असल्यामुळे या तिन्हींची वेगवेगळी किंमत कुणी काढली नव्हती.

इंटरनेट आल्यावर ती निघाली. माहिती फुकट झाली. कंपन्या थेट वेबसाइटवरून माल विकू लागल्या आणि मधला दुकानदार, ज्याच्या नावानं कॉमडेक्स सुरू झालं होतं, तोच विरळ झाला. त्यात डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि ११ सप्टेंबर २००१नंतर लोक विमानात बसायला कचरू लागले. २००३च्या फेब्रुवारीत कॉमडेक्सच्या मालक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या नोव्हेंबरात कॉमडेक्स शेवटचं भरलं. २००४चं रद्द झालं ते कायमचं.

मोठ्या कंपन्यांनी यातून एक धडा घेतला: दुसऱ्याच्या जत्रेत स्टॉल कशाला, आपलीच जत्रा भरवू. ॲपल २००९नंतर मॅकवर्ल्डमधून बाहेर पडली. ग्राहकांपर्यंत पोचायला आमची दुकानं आणि वेबसाइट पुरेशी आहेत, असं तिचं म्हणणं होतं. व्हिडिओ गेमचं इथ्री हे प्रदर्शन १९९५पासून चाललेलं, तेही कंपन्यांनी स्वतःचे ऑनलाइन कार्यक्रम सुरू केल्यावर खंगत गेलं आणि २०२३च्या डिसेंबरात बंद झाल्याचं जाहीर झालं.

मग कोविड आला. १२ फेब्रुवारी २०२० रोजी बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस रद्द झाली. आदल्या वर्षी तिथे लाखावर माणसं आली होती. त्यानंतर एकेक परिषद पडद्यावर सरकली. एंगलबार्टचा डेमो अखेर सगळ्या जगानं एकदम सुरू केला.

मी तेव्हा नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पुण्यातली खोली सोडून इचलकरंजीला घरी आलो होतो. जिथे जायचं तिकीट माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं होतं, त्या परिषदा अचानक फुकट झाल्या. बाहेरच्या खोलीत, पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, ज्यांची पुस्तकं वाचून मी प्रोग्रामिंग शिकलो त्या माणसांना मी थेट ऐकत होतो. पुढच्या दीड वर्षात मी अशा अकरा परिषदा ‘अटेंड’ केल्या. सगळ्यांच्या नोट्स आहेत माझ्याकडे. पण त्यांतल्या एकाही माणसाशी आज माझी ओळख नाही.

याउलट २०१८मध्ये, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना, मी पुण्यात एका छोट्या मीटअपला गेलो होतो. एका ऑफिसचं कँटीन, चाळीसेक माणसं, वडापाव. भाषण कशावर होतं ते आठवत नाही. चहाच्या रांगेत माझ्यापुढे एक दादा होता. ‘काय शिकतोस?’ म्हणाला. वर्षभरानं त्यानंच माझा बायोडेटा त्याच्या कंपनीत दिला. माझी पहिली नोकरी चहाच्या रांगेतून आली.

म्हणून परिषदा परत भरू लागल्या याचं मला आश्चर्य वाटलं नाही. २०२४मध्ये बार्सिलोनानं पुन्हा लाखाचा आकडा ओलांडला. मुंबईत गोरेगावचं जुनं प्रदर्शन केंद्र होतंच, २०२२पासून बीकेसीत नवं कन्व्हेन्शन सेंटरही उभं आहे. फरक एवढाच की माहिती आणि सौदा गळून पडल्यावर तिकिटात आता मुख्यतः ओळखच उरली आहे. भाषणं काही आठवड्यांत यूट्यूबवर येतात, कॉरिडॉर येत नाही. आणि एखाद्या गोष्टीची नक्कल होत नसेल तर तिचा भाव चढतो, हे कुठलाही व्यापारी सांगेल.

भाव चढला की दार अरुंद होतं. दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका परिषदेत माझं भाषण निवडलं गेलं. कंपनीनं खर्च द्यायला नकार दिला. कर्ज काढून जायची तयारी केली, तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख परिषद संपल्यानंतरची मिळाली. आयोजक भले होते. त्यांनी माझं भाषण रेकॉर्ड करून मागवलं आणि हॉलमध्ये पडद्यावर दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं मला ईमेलमधून कळलं. त्यानंतर चहाची सुट्टी झाली असणार. त्या सुट्टीत मी नव्हतो.

परिषदेवर चर्चा करताना ऑनलाइन की प्रत्यक्ष, असा वाद आपण घालतो. मला तो वाद अपुरा वाटतो. पडदा माझ्यापर्यंत भाषण आणू शकला, पण कॉफीच्या रांगेपर्यंत मला नेऊ शकला नाही. खरा प्रश्न त्या रांगेत उभं राहायला कुणाला मिळतं, हा आहे. एडेल्सननं ज्यांची गाठ घालून दिली ते दुकानदार काही बडे लोक नव्हते. त्याचं प्रदर्शन मोठं झालं ते याच छोट्या माणसांमुळे. आजच्या परिषदांत असा छोटा माणूस येतो कुठून?

उत्तराचा एक तुकडा माझ्याकडे आहे. गेल्या वर्षापासून आम्ही चौघं मित्र महिन्यातून एकदा इचलकरंजीत मीटअप घेतो. एका मित्राच्या काकांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. रविवारी माग बंद असतात, तेव्हा त्यांच्या ऑफिसची खोली मिळते. पंधरा-वीस पोरं येतात, जवळच्या कॉलेजांतली. भाषण अर्ध्या तासाच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि चहाची सुट्टी पाऊण तासाची, एवढाच नियम आहे. गेल्या वेळी रांगेत माझ्या मागे एक मुलगी उभी होती. मी वळून विचारलं, ‘काय शिकतेस?’