लोकप्रतिनिधी, रयत आणि दुष्काळाचा कायदा : मुंबई इलाख्यातील १८९५ ते १८९७ या काळाचा एक अभ्यास

प्रास्ताविक

लोकप्रतिनिधीने आपल्या मतदारांशी संपर्क ठेवावा, त्यांची गाऱ्हाणी समजून घ्यावीत आणि ती सरकारदरबारी मांडावीत, ही अपेक्षा आज सर्वमान्य आहे. मात्र महाराष्ट्रात ही अपेक्षा सार्वत्रिक मताधिकाराबरोबर जन्माला आलेली नाही. मतदानाचा हक्क मूठभरांपुरता मर्यादित होता आणि 'निवडणूक' हा शब्द कायद्यात उच्चारण्यासही राज्यकर्ते तयार नव्हते, त्या काळात तिची बीजे रुजलेली दिसतात. या दृष्टीने १८९५ ते १८९७ या तीन वर्षांतील घटना विशेष अभ्यसनीय आहेत. या काळात बाळ गंगाधर टिळक मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते, पुण्याच्या सार्वजनिक सभेची सूत्रे त्यांच्या गटाकडे होती आणि 'केसरी' त्यांच्या हाती होता. याच सुमारास इलाख्यावर दुष्काळ कोसळला. या तीन साधनांच्या साहाय्याने प्रतिनिधी व रयत यांच्यात जो संबंध निर्माण झाला, त्याचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१८९२ चा कायदा आणि प्रतिनिधित्वाचे स्वरूप

१८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने प्रांतिक कायदेमंडळांचा विस्तार केला. मुंबईच्या कायदेमंडळातील काही जागांसाठी मुंबई महानगरपालिका, विद्यापीठ, व्यापारी संस्था, सरदार-जमीनदार आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना नावे सुचविण्याचा अधिकार मिळाला. तांत्रिकदृष्ट्या ही केवळ शिफारस होती. अंतिम नेमणूक गव्हर्नरच करीत असे. व्यवहारात मात्र या शिफारशीला निवडणुकीचेच स्वरूप आले.

सभासदांना मिळालेले अधिकार बेताचेच होते. त्यांना प्रश्न विचारता येत. परंतु उत्तर आल्यावर उपप्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. अंदाजपत्रकावर चर्चा करता येत असे. परंतु त्यावर मतदान घेता येत नसे. सरकारी बाजूचे बहुमत कायम राखलेले होते. अशा सभागृहात कितीही अभ्यासपूर्ण भाषण केले, तरी त्याने निर्णय बदलण्याची शक्यता फारच थोडी होती.

टिळक १८९५ मध्ये मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या वतीने कायदेमंडळावर गेले आणि १८९७ मध्ये पुन्हा निवडून आले. मध्य विभागात पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर, नाशिक व खानदेश हे जिल्हे येत. मतदार होते ते लोकल बोर्डांचे सभासद. या बोर्डांमध्येही सरकारनियुक्त सभासदांचा भरणा असे आणि लोकनियुक्त सभासदांना निवडणारा वर्ग मालमत्तेच्या अटीने मर्यादित झालेला होता. म्हणजे शेतकऱ्याचा प्रतिनिधी म्हणवणारा सभासद आणि प्रत्यक्ष शेतकरी यांच्यामध्ये किमान दोन पायऱ्या होत्या. सामान्य कुणबी या सभासदाला निवडूनही देऊ शकत नव्हता आणि काढूनही टाकू शकत नव्हता.

मग अशा प्रतिनिधीने रयतेशी संबंध ठेवण्याचे कारण काय, आणि ठेवायचा तर कोणत्या मार्गाने, हा प्रश्न उपस्थित होतो.

सार्वजनिक सभेचा वारसा

या प्रश्नाचे एक उत्तर पुण्याच्या परंपरेत उपलब्ध होते. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने प्रतिनिधित्वाची स्वतःची अशी एक पद्धत घालून दिली होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा तिचा नियम होता. आरंभीच्या ९५ सभासदांच्या पाठीशी सहा हजारांहून अधिक लोकांची मुखत्यारपत्रे होती. कायद्याने प्रतिनिधित्व देण्यापूर्वी सुमारे दोन तपे एका खाजगी संस्थेने ते स्वतःच्या नियमात बसविले होते, ही बाब लक्षणीय आहे.

गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांच्या काळात सभेने शेतसाऱ्याच्या प्रश्नाची चौकशी केली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात गावोगावच्या वार्ताहरांकडून माहिती मागवून ती सरकारला सादर केली. या पद्धतीत माहितीचा प्रवाह खालून वर जात होता. रयतेची स्थिती शिकलेल्यांनी टिपायची, तिचे व्यवस्थित निवेदन तयार करायचे आणि ते सरकारपुढे ठेवायचे, असा हा क्रम होता. येथे सभा ही रयतेची वकील होती. रयत स्वतः बोलत नव्हती.

१८९५ मध्ये सभेची सूत्रे टिळकांच्या गटाकडे गेली. पुढच्या वर्षी रानडे-गोखले यांच्या पक्षाने डेक्कन सभा ही वेगळी संस्था स्थापन केली. या फुटीला सामाजिक सुधारणांविषयीचे मतभेद कारणीभूत होते, हे सर्वश्रुत आहे. तथापि लोकांशी संबंध कसा ठेवावा याविषयीचा भेदही त्यात होता आणि तो लवकरच दुष्काळाच्या निमित्ताने स्पष्ट झाला.

दुष्काळ आणि कायद्याचा प्रचार

१८९६ मध्ये पावसाने दगा दिला. धान्याचे भाव भडकले आणि सोलापूरसारख्या ठिकाणी दंगे झाले. दुष्काळ निवारणाची चौकट सरकारपाशी तयार होती. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ निवारणाचे नियम, म्हणजे 'फॅमिन कोड', तयार करण्यात आले होते. धडधाकट माणसांना काम द्यावे, अपंग व निराधारांना मदत द्यावी, विणकरांसारख्या कारागिरांचा स्वतंत्र विचार करावा आणि पीक बुडाले असेल तेथे सारा तहकूब करण्याचा वा सूट देण्याचा विचार करावा, अशी त्याची सामान्य दिशा होती.

अडचण अशी होती की हे नियम इंग्रजीत होते, कचेऱ्यांत होते आणि ज्यांच्यासाठी होते त्यांना त्यांचा पत्ता नव्हता. गावपातळीवर रयतेला दिसत होता तो साऱ्याचा हप्ता मागणारा पाटील-कुलकर्णी आणि त्यांच्यामागे उभा असलेला मामलेदार. वरच्या कायद्यात सवलत असली, तरी खालच्या अंमलदाराच्या धाकाने शेतकरी गुरेढोरे आणि भांडीकुंडी विकून किंवा सावकाराकडे जमीन गहाण टाकून सारा भरीत असे.

सार्वजनिक सभेने या ठिकाणी हस्तक्षेप केला. नियमांचा सारांश मराठीत छापून वाटण्यात आला. सभेचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन सभा घेऊ लागले, पिकांची माहिती गोळा करू लागले आणि सवलतीसाठी अर्ज कसे करावेत हे लोकांना सांगू लागले. 'केसरी'तून टिळकांनी सातत्याने एकच मुद्दा मांडला : ज्याच्याजवळ सारा भरण्याची ऐपत आहे त्याने तो भरावा, ज्याच्याजवळ नाही त्याने भीतीपोटी घरदार विकून तो भरू नये. धान्य लुटण्यास त्यांचा विरोध होता. कायद्याने देऊ केलेले काम आणि मदत मागावी, असे त्यांचे सांगणे होते. सोलापूरच्या विणकरांना त्यांच्या व्यवसायातच मदत मिळावी, यासाठी स्थानिक मंडळींच्या सहकार्याने त्यांनी योजनाही पुढे केली. परंतु सरकारने ती स्वीकारली नाही.

या मोहिमेचे वेगळेपण येथेच दिसते. पूर्वीची सभा रयतेचे गाऱ्हाणे सरकारकडे नेत होती. आता ती सरकारचाच कायदा रयतेकडे नेऊ लागली. माहितीच्या प्रवाहाची दिशा उलट झाली. कायदेमंडळात ज्या सभासदाचा प्रश्न एका उत्तराने संपत होता, त्याचाच प्रश्न आता शेकडो अर्जांच्या रूपाने तालुक्याच्या कचेरीत उभा राहू लागला. शिवाय ही मोहीम मतदारसंघाच्या सीमेतही राहिली नाही. प्रशासकीय विभागणीत ठाणे जिल्हा उत्तर विभागात आणि कुलाबा जिल्हा दक्षिण विभागात मोडत होता. म्हणजे दोन्ही टिळकांच्या मतदारसंघाबाहेर होते. तरीही सभेच्या कार्यकर्त्यांची हालचाल या जिल्ह्यांत ठळकपणे दिसून येते. ज्यांनी निवडून दिले त्यांच्यापुरती जबाबदारी, ही कल्पना येथे मागे पडली होती.

सरकारची प्रतिक्रिया

सरकारची प्रतिक्रिया कठोर होती. सभेच्या काही कार्यकर्त्यांवर लोकांना सारा न भरण्यास चिथावल्याच्या आरोपावरून खटले भरण्यात आले. १७ मार्च १८९७ रोजी सरकारने ठराव करून, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारशी पत्रव्यवहार करण्याची सभेची मान्यता काढून घेतली. सत्तावीस वर्षे ज्या संस्थेची निवेदने सरकार स्वीकारीत आले होते, ती संस्था सरकारच्या लेखी लोकांच्या वतीने बोलण्यास अपात्र ठरली.

वास्तविक सभेने कोणताही नवा हक्क मागितला नव्हता. वाद होता तो नियमांच्या अर्थासंबंधी. सरकारच्या दृष्टीने सवलत देणे हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा भाग होता. परिस्थिती पाहून त्याने ती द्यावी किंवा नाकारावी. सभेने मात्र तीच तरतूद रयतेचा हक्क म्हणून मांडली. विवेकाधिकारापुढे विनंती करता येते. हक्काची मागणी करता येते. विनंतीचे निवेदन पुण्याहून येत होते तोवर सरकारला त्याची अडचण वाटली नाही. मागणी खेड्यातून येऊ लागली, तेव्हा मात्र ती राज्यसत्तेच्या पायाशी संबंधित असल्याचे सरकारच्या ध्यानात आले.

यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरून असंतोष वाढला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २७ जुलै रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि १४ सप्टेंबर रोजी दीड वर्षाची शिक्षा झाली. कायदेमंडळातील त्यांची कारकीर्द येथेच संपली.

गोखले आणि १९०१ चे विधेयक

१८९९ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. त्यांचा मार्ग आकडेवारीचा, निवेदनाचा आणि सभागृहातील युक्तिवादाचा होता. १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक सरकारने आणले. सारा थकल्याने जप्त झालेली जमीन पुन्हा देताना ती हस्तांतरित करण्याचा हक्क काढून घेण्याची त्यात तरतूद होती. लोकमत अजमावण्यासाठी विधेयक लांबणीवर टाकावे, ही बिनसरकारी सभासदांची मागणी फेटाळली गेली. तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोखल्यांसह काही सभासद सभागृह सोडून निघून गेले. संयमाचा पुरस्कार करणाऱ्या नेत्यांनीही सभात्याग करावा, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांना विचारल्याशिवाय लोकांसंबंधीचा कायदा होऊ नये, या मुद्द्यावर दोन्ही पक्षांचे मूलतः एकमत होते. भेद होता तो लोकांपर्यंत पोहोचण्याच्या मार्गात.

मर्यादा

या साऱ्या प्रयत्नांच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. दुष्काळाच्या मोहिमेत बोलणारे बहुतांशी शहरातील शिक्षित उच्चवर्णीय होते आणि ऐकणारे शेतकरी. शेतकऱ्याची दुरवस्था जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच मांडली होती. तीत सरकारी अंमलदारांइतकाच एतद्देशीय ब्राह्मण नोकरवर्गही दोषी धरलेला होता. 'सार्वजनिक' म्हणवणाऱ्या संस्थांमध्ये शूद्रातिशूद्रांना स्थान कोठे आहे, हा सत्यशोधकांचा आक्षेप टिळकांच्या मोहिमेलाही लागू पडतो. साऱ्याच्या प्रश्नावर सरकारला जाब विचारणारी ही मोहीम सावकाराच्या प्रश्नावर तितकी आग्रही नव्हती.

सर्वांत मोठा अंतर्विरोध पुढे प्रकट झाला. १९१७ च्या सुमारास अथणी येथील भाषणात तेली, तांबोळी, कुणबी यांना कायदेमंडळात जाऊन काय करायचे आहे, या आशयाचा प्रश्न टिळकांनी केला आणि त्यावरून ब्राह्मणेतर समाजात तीव्र नाराजी पसरली. वीस वर्षांपूर्वी ज्या कुणब्याने मामलेदारापुढे निर्भयपणे उभे राहावे असे त्यांना वाटत होते, त्याच कुणब्याने कायदे करण्याच्या जागी बसावे, हे मात्र त्यांना पटले नव्हते. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मताधिकार काहीसा विस्तारला आणि मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवण्यात आल्या. अथणीच्या प्रश्नाचे हे एक ऐतिहासिक उत्तर मानता येईल.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, १८९६-९७ च्या मोहिमेचे महत्त्व तिच्या तात्कालिक यशापयशात नाही. सरकारने सरसकट सूट दिली नाही, सभेची मान्यता गेली आणि प्रतिनिधी तुरुंगात गेला. परंतु प्रतिनिधीचे काम केवळ लोकांचे म्हणणे वर पोहोचविण्याचे नसून कायदा खाली पोहोचविण्याचेही आहे, हा विचार या काळात प्रथमच व्यापक प्रमाणावर कृतीत उतरला. दुष्काळात काम मागणे हा हक्क आहे, ही कल्पना महाराष्ट्रात १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने विधिमान्य केली. तिच्या पूर्वइतिहासात मराठीत छापलेल्या त्या पत्रकांना निश्चित स्थान आहे.

त्याचबरोबर या इतिहासाचा दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा आहे. ज्या संपर्कात एक बाजू नेहमी सांगणारी आणि दुसरी नेहमी ऐकणारी असते, तो कितीही कळकळीचा असला तरी अपुराच राहतो. रयतेला कायदा समजावून सांगणारा प्रतिनिधी १८९६ मध्ये भेटला. त्या प्रतिनिधीला जाब विचारण्याचे साधन मात्र प्रौढ मताधिकाराने, आणखी अर्धशतकानंतर, तिच्या हाती आले.